तीन इंच आवाज

गेल्या महिन्यात एक रीळ हातात आलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

मी न्यू जर्सीत एका लॅबमध्ये जुन्या घरगुती फिल्म स्कॅन करतो. बहुतेक डब्यांत लग्नं, नाताळ आणि समुद्रकिनारे असतात. या डब्यावर मात्र पोरकट अक्षरात 'मॉन्स्टर, १९७८' असं लिहिलेलं. पाठवणारे गृहस्थ आता साठीत आहेत, पेनसिल्व्हेनियात वाढलेले. २०११ साली 'सुपर ८' हा हॉलिवूडचा चित्रपट बघितल्यापासून ते पोरपणी काढलेला स्वतःचा सिनेमा शोधत होते. त्यातली ओहायोची पोरंही १९७९ साली सुपर ८ कॅमेऱ्यावर, म्हणजे ८ एमएम रुंदीच्या घरगुती फिल्मवर, झॉम्बीपट काढत असतात आणि गावात खराच राक्षस मोकळा सुटतो. त्या चित्रपटाचा दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स आणि त्याचा मित्र मॅट रीव्ह्ज यांना पोरवयातच प्रसिद्ध दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्गच्या लहानपणीच्या ८ एमएम फिल्म सांधायचं काम मिळालं होतं. म्हणजे माझंच काम. याचा मला फार अभिमान वाटतो.

डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला. अ‍ॅसिटेट फिल्म कुजायला लागली की असा वास येतो. रिळाचा पुढचा भाग शाबूत होता, पण मधल्या काळात कुणीतरी ते प्रोजेक्टरवर चढवून बघितलं असावं. शेवटचे ११ तुकडे सुटे पडले होते. पोरांनी चिकटपट्टीने केलेले सांधे सुकून पापडासारखे सुटले होते. सुपर ८च्या कडेला सिनेमाच्या ३५ एमएम फिल्मसारखे क्रमाचे आकडे छापलेले नसतात, त्यामुळे क्रम अंदाजानेच लावावा लागतो.

आमच्याकडे पैसे फुटावर मिळतात. विचार करायला बसलेल्या वेळाचे कुणी देत नाही, आणि माझ्या मते या धंद्याची वाट त्यानेच लागली आहे. मी तुकडे वेगवेगळे स्कॅन केले आणि गोष्ट जुळवली. राक्षस पाचोळ्यातून उठतो, पोरांच्या मागे लागतो, पोरं त्याला काठ्यांनी लोळवतात, समाप्त. फाइल पाठवून दिली.

दोन दिवसांनी फोन आला. स्पीकरवर दोघं भाऊ होते. थोरला सौम्यपणे म्हणाला, "शेवट चुकलाय." धाकटा मागून ओरडला, "मी मेलोच नव्हतो!" राक्षस तोच झाला होता, अंगावर न्हाणीघरातलं तपकिरी पायपुसणं बांधून. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. मरायचं ठरलं होतं, पण ऐन वेळी त्याने नकार दिला.

मी तुकडे पुन्हा टेबलावर घेतले. उठण्याच्या शॉटमध्ये पायपुसण्याच्या पाठीला मेपलची पानं चिकटली होती. पाठलागाच्या एकाही फ्रेममध्ये पान नव्हतं. म्हणजे उठण्याआधी तो पानांत आडवा झाला होता; पाठलाग आणि मरणं आधीचं, उठणं शेवटचं. माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी बघितलं नाही.

पण खरा पुरावा आवाजात होता. १९७३ पासून सुपर ८च्या कडेला आवाजाची चुंबकीय पट्टी मिळायची. कॅमेऱ्यात फिल्म आधी भिंगासमोरून जाते आणि मग आवाज नोंदवणाऱ्या हेडवरून. म्हणून चित्राचा आवाज त्याच्याशेजारी न उमटता १८ फ्रेम, म्हणजे बरोबर तीन इंच, आधीच्या फिल्मवर उमटतो. चित्र बघून कात्री चालवली की प्रत्येक तुकड्याच्या शेपटाला कापल्यानंतरच्या १८ फ्रेमचा, म्हणजे एका सेकंदाचा, आवाज उरतो. सांधा शाबूत असेल तर तो पुढच्या तुकड्याच्या चित्रावर वाजतो. मी तुकडे सुटे स्कॅन केल्यामुळे सॉफ्टवेअरने तो सेकंद चित्राबाहेरचा म्हणून छाटून टाकला होता.

मरण्याच्या तुकड्याचं शेपूट मी हेडवरून हाताने ओढलं. खरखर, पानांची चुरचुर आणि एक चिरका आवाज : "मी मेलो नाही!"

मग उठण्याचा तुकडा त्याच्यामागे जोडून सगळं परत स्कॅन केलं. राक्षस पानांतून मान वर काढतो, आणि नेमकं त्याच फ्रेमवर ते वाक्य येतं. पोरांना १८ फ्रेमचं गणित ठाऊक होतं की ते आपोआप जुळून आलं, मला कळत नाही. थोरल्याला विचारलं. त्यालाही आठवत नाही.

त्याआधीच्या कितीतरी डब्यांतले सुटे तुकडे मी असेच सुटे स्कॅन करून पाठवले आहेत. त्यातल्या तीन डब्यांच्या मालकांना काल पत्रं टाकली, मूळ फिल्म अजून ठेवली आहे का म्हणून.