तुम्ही विचारलंत म्हणून: माहेरी आलेल्या पोरीचं जनगणनेत काय सांगायचं?

मी शाळेत शिकवते, २०११ ला जनगणनेची ड्युटी केलीय, सोलापूरच्या पूर्व भागात. आता २०२७ ची जवळ आली तसं गल्लीतल्या बायका एकच विचारायला लागल्यात, बाई, पोरगी माहेरी येऊन सात वर्षं झाली, कोर्टात काही केलेलं नाही, मग तिचं काय सांगायचं, लग्न झालेली की घटस्फोट?

दोन्ही नाही ओ. आमच्या फॉर्मवर पाच कोड होते: १ कधीच लग्न न झालेले, २ सध्या विवाहित, ३ विधवा-विधुर, ४ विभक्त, ५ घटस्फोटित. तुमच्या पोरीचा चार. २००१ ला विभक्त आणि घटस्फोटित एकाच कोडात कोंबलेले होते, २०११ ला सुटे केले, बरं केलं. कागद कुणी मागत नाही, लग्नाचा पण नाही. आणि पोटगीच्या केसला आड येईल ही भीती तर काढूनच टाका, १९४८ च्या जनगणना कायद्यात सरळ लिहिलंय की त्या फॉर्मवरची नोंद दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाही. त्याच कायद्यात असंही आहे की बाईला नवऱ्याचं नाव सांगायची सक्ती नाही! एका आज्जीनं तर नातवाला पुढं केलं, "ह्याच्या आज्जाचं नाव ह्यालाच विचारा."

पण हा "विभक्त" शब्द लई घोळ घालतो. विचारलं की बायका म्हणणार, हो आम्ही विभक्तच, सासूची चूल वेगळी, रेशनकार्ड पण वेगळं केलंय. म्हणून मी नंतर नंतर तो शब्दच सोडला, सरळ विचारायची, मालक येतात का घरी?

एका घरी मात्र चुकले. ती उंबऱ्याजवळ सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली, मी तिला विचारलं आणि आतनं भाऊ ओरडला, "लग्न झालंय, लिहा." मी दोन लिहिला. तिचा हात थांबला, दोरा अर्धा गुंडाळलेला तसाच बोटात, मग तिनं गाठ मारली आणि पुढचं पान घेतलं. तिचा पोरगा आमच्याच शाळेत, चार वर्षांत त्याचा बाप मी कधी बघितला नव्हता, म्हणजे मला सगळं कळत होतं, पण उन्हं चढलेली आणि अजून वीस घरं राहिलेली.

१ ते ५ मार्चला परत फेरी असते, कुठं जन्म झाला, कोण गेलं ते बघायला. मुद्दाम तिच्याकडं थांबले. एकटीच होती. म्हटलं, त्या दिवशी मी दोन लिहिलंय, चार करू का? तिनं चार म्हणजे काय ते नीट ऐकून घेतलं, मग आत एकदा बघितलं.

"असू द्या बाई," म्हणाली, "घर भावाचं आहे."