तुम्ही विचारलंत म्हणून : पडद्यामागची जागा

प्रयोग संपला की चहाच्या कपाबरोबर प्रश्न येतो. आधी कोणीतरी डोळ्यांकडे बघून विचारतं, "तुम्ही कोकणस्थ का हो?" डोळे घारे आहेत, पण आडनाव कुडाळकडचं, त्यामुळे गणित जमत नाही. मी सांगते, डोळे आईकडून आलेत आणि आई ग्रीसची, पात्रास नावाच्या बंदराच्या शहरातली. की लगेच खरा प्रश्न येतो. "अच्छा! म्हणजे नाटक तुमच्या रक्तातच आहे! सॉफोक्लीस वगैरे. आणि तुमच्या आजोबांचं काहीतरी होतं ना?"

विचारणारा प्रेमानेच विचारतो, म्हणून इतकी वर्षं मी "हो ना" म्हणून वेळ मारून नेली. परवा ठाण्याला एका बाईंनी विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच उत्तर देऊन टाकलं. तेव्हा ठरवलं, एकदा नीट सांगायचं.

सॉफोक्लीस, तो प्राचीन ग्रीक नाटककार, मी पहिल्यांदा वाचला तो कॉलेजच्या लायब्ररीत, मराठीतून. माझ्या आजोबांनी तर तो आयुष्यात वाचला नाही. एपिडॉरसचं ते जगप्रसिद्ध प्राचीन नाट्यगृह पात्रासहून सकाळी निघून रात्री परत येण्याइतकं जवळ, पण ते तिथे कधी गेले नाहीत. "दगडावर बसायला पैसे कशाला द्यायचे?" म्हणायचे. यवनिका म्हणजे पडदा, आणि यवन म्हणजे जुन्या काळचे ग्रीक, त्यामुळे या शब्दावरूनही मला कोणी ना कोणी ऐकवतं की पडदा ही ग्रीकांचीच देणगी. प्राचीन ग्रीक रंगभूमीवर पडदा नव्हताच. शब्दावर पंडितांना भांडू द्या. मी ज्या पडद्याबद्दल सांगणार आहे तो मांजरपाटाचा होता, दोन खांबांमध्ये ताणलेला, आणि दर उन्हाळ्यात आजी तो निळीत घालून धुवायची.

ग्रीकमध्ये आजोबा म्हणजे पापूस, हाक मारताना पापू. माझे पापू बंदराजवळच्या एका गोदामात मनुका तोलायचे. त्या बारीक काळ्या मनुकांवर पात्रास एके काळी श्रीमंत झालं होतं. रविवारी संध्याकाळी मात्र ते घरामागच्या अंगणात पडदा बांधून कारागियोझिसचा खेळ करायचे. बाबा मरीन इंजिनीअर, ग्रीक मालकाच्या मालवाहू जहाजांवर. ते पात्रासचे जावई कसे झाले ती वेगळी गोष्ट आहे आणि ती आई जास्त चांगली सांगते. आम्ही राहायचो डोंबिवलीत. पात्रासला माझे सगळे मिळून पाच उन्हाळे गेले. पहिला १९८९ चा, मी आठ वर्षांची होते.

कारागियोझिस कोण ते सांगायला हवं. हा छायाबाहुल्यांच्या खेळाचा नायक. कुबडा, अनवाणी, ठिगळं लावलेला, आणि एक हात लांबच्या लांब, सांध्यासांध्यात वळणारा. तो हात कानफटात मारायला, खाजवायला आणि दुसऱ्याच्या ताटातलं उचलायला. खेळ तुर्कांच्या राजवटीतून आला, म्हणून पडद्याच्या एका टोकाला पाशाचा महाल आणि दुसऱ्या टोकाला याची मोडकी झोपडी. बायको अग्लाया, तीन कार्टी, आणि घरात खायला काही नाही. मग मित्र हाजियावातिस काहीतरी काम घेऊन येतो. महालाला वैद्य हवाय, लेखनिक हवाय, आचारी हवाय. कारागियोझिसला यातलं काहीच येत नाही, आणि तो प्रत्येक कामाला होच म्हणतो. शेवटी मार खातो. या सगळ्या खेळांचं पालुपद एकच: "था फामे, था प्युमे, के निस्तिकी था किमिथूमे." खाऊ, पिऊ, आणि उपाशीच झोपू.

हे वाक्य पापूंच्या तोंडी नुसतं वाक्य नव्हतं. १९४१-४२ च्या हिवाळ्यात, जर्मन-इटालियन ताब्यातल्या ग्रीसमध्ये लोक रस्त्यात भुकेने पडून मरत होते, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. त्या हिवाळ्यात त्यांनी एका तळघरात पहिल्यांदा हा खेळ पाहिला. तिकीट म्हणून मूठभर मनुका दिल्या. उपाशी माणसं उपाशी माणसावर हसतायत, हे त्यांना तेव्हा विचित्र वाटलं नाही. नंतर मात्र आयुष्यभर वाटत राहिलं असावं, कारण ही हकिकत ते दर वेळी नव्याने सांगायचे आणि मनुकांचा आकडा दर वेळी बदलायचा.

पात्रासमध्ये या खेळाचा अभिमान मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्याच दिमित्रिस सार्दूनिसने, मिमारोस या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या कलावंताने, तुर्की खेळाला ग्रीक केलं. चावट मजकूर गाळला आणि ग्रीक लोकजीवनातली माणसं पडद्यावर आणली. झाकिंथोस बेटाचा उंच टोपीवाला, गात बोलणारा दियोनिसियोस आहे. पिरेयसचा भाई स्ताव्राकास आहे. आणि माझा सर्वांत आवडता बार्बा योर्गोस, डोंगरातला धिप्पाड धनगर, चुणीदार पांढऱ्या घागऱ्यातला, शब्दांतले स्वर गिळत बोलणारा.

आता मुद्द्याचं. मला ग्रीक बोलता यायचं ते लंगडं. प्रेक्षकांत बसवलं असतं तर अर्धे विनोद डोक्यावरून गेले असते. म्हणून पापूंनी मला पडद्यामागे घेतलं. काम एवढंच, दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलेल्या बाहुल्या क्रमाने हातात द्यायच्या आणि वापरलेल्या परत लटकवायच्या. पुठ्ठ्याच्या जुन्या, रंगीत पारदर्शक प्लास्टिकच्या नव्या. प्रत्येकीला एक आडवी काठी, तिला बिजागरी, त्यामुळे बाहुली गर्रकन पाठ फिरवू शकते. पहिल्याच दिवशी मी पाशाऐवजी अग्लायाला हातात दिलं. पापूंनी क्षणभरही न थांबता अग्लायाला महालात नेलं आणि दहा मिनिटांचा नवाच प्रसंग रचला. खेळ संपल्यावर रागावले नाहीत. "पुढच्या रविवारी पुन्हा चूक कर," म्हणाले, "बरा झाला."

प्रेक्षकांना झोपडी डावीकडे दिसते आणि महाल उजवीकडे. मला उलटं दिसायचं. आजही कोणाचा खेळ समोरून बघायला बसले की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

आणि पडद्यामागे मला जे दिसायचं ते समोरच्या कोणालाच दिसत नव्हतं: पापूंचा चेहरा. बनियन घामाने चिकटलेलं, दोन्ही हात काठ्यांवर, कानफटात बसली की लाकडी फळीवर दाणकन पाय. अग्लाया बोलायची तेव्हा त्यांची हनुवटी आत जायची आणि भुवया कपाळात. पाशा आला की पोट पुढे. बार्बा योर्गोससाठी ते चक्क पाय फाकवून उभे राहायचे. नऊ-दहा माणसं त्या एका अंगात ये-जा करायची, आणि त्यातलं पडद्यावर काहीही उमटत नव्हतं. मी एकदा विचारलं, कोणाला दिसत नाही तर तोंड कशाला वाकडं करता? त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "मग आवाज कुठून येईल?"

नट म्हणून मला आजवर मिळालेलं शिक्षण एवढंच. कार्यशाळा नंतर पुष्कळ केल्या.

१९९४ च्या डिसेंबरात पापू कुडाळला आले. आयुष्यातला एकुलता एक परदेश प्रवास. बाबांनी त्यांना जत्रेत दशावताराला नेलं. मला वाटलं, तासाभरात पेंगतील. ते पहाटेपर्यंत बसले. नाटकाची संहिता नाही, नट जागच्या जागी बोलणं रचतात, हे कळल्यावर तर त्यांनी मांडी बदलली आणि पुढे सरकले. मालवणीचा एक शब्द येत नसताना लोकांच्या आधी हसायचे. मी कारण विचारलं. "पखवाजवाल्याचे खांदे बघ. विनोद येतोय ते त्याला आधी कळतं." मी बघितलं. खरं होतं.

दुसऱ्या दिवशी पिंगुळीला. कुडाळपासून हाकेच्या अंतरावरच्या या गावात ठाकर समाजाची मंडळी चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या छायाबाहुल्या सांभाळून आहेत. पुढे २०२१ साली तिथल्याच परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा ही नावं पेपरात आली. आम्ही गेलो त्या घरी पडवीत एक म्हातारे आजोबा होते. त्यांनी एक बाहुली पापूंच्या हातात दिली. पापूंनी ती आधी हुंगली, मग उन्हासमोर धरली, मग उलटी करून काठी कुठे बांधलीय ते पाहिलं. त्या आजोबांनी मान डोलावली. नवखा माणूस आधी चित्र बघतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि मला दुभाषी म्हणून कोणी विचारलंही नाही.

कोणी म्हणतं, ग्रीक आणि महाराष्ट्र यांचा संबंध काय? कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलेली आहेत, ती दोन हजार वर्षं जुनी. ते मला ठाऊक आहे आणि अभिमानही वाटतो. पण मला जो दुवा सापडला तो त्या पडवीत, काठीच्या गाठीपाशी.

मी लगेच छायाखेळाकडे वळले असं मात्र नाही. आधी रीतसर एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धा, मग व्यावसायिक नाटकाच्या तालमी. माझं मराठी डोंबिवलीचं आणि घरात मालवणी. तरी एका दिग्दर्शकांनी स्वच्छ सांगितलं, "चेहरा मराठी वाटत नाही गं तुझा." मग मिळाल्या त्या भूमिका कलेक्टरच्या मडमेच्या. टोपी, छत्री आणि "टुमी लोग". चार वर्षांत तीन मडमा केल्या. चौथी आली तेव्हा मी घरी जाऊन आईकडून मांजरपाट मागितलं.

पडद्यामागे चेहरा कोणी विचारत नाही. तिथे मी पाशाही होते आणि पाशाचा शिपाईही. बार्बा योर्गोसच्या त्या गावंढळ, स्वर गिळणाऱ्या ग्रीकचं काय करायचं यावर महिनाभर अडले होते. एके दिवशी बाबा फोनवर काकांवर खेकसताना ऐकलं आणि प्रश्न मिटला. आता बार्बा योर्गोस डोंगरावरून उतरतो तो "खंय गेलंस रे मेल्या?" करतच. कारागियोझिसला मात्र मी मराठी नाव दिलं नाही. मुलं त्याला कारागी म्हणतात, तेवढं पुरे.

ग्रीकमध्ये नटाला जुना शब्द आहे हिपोक्रितीस. इंग्रजीत गेल्यावर त्याचा अर्थ ढोंगी झाला. मुळात, निदान बरेच अभ्यासक मानतात त्याप्रमाणे, त्याचा अर्थ उत्तर देणारा. हे मला पापूंनी नाही, पुस्तकाने सांगितलं. त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग चूक कुठे आहे? उत्तर देणारे ढोंगीच असतात." तेव्हा माझंही उत्तर तेवढ्याच विश्वासाने घ्या.

२००९ साली युनेस्कोने कारागोझ, म्हणजे मूळ तुर्की खेळ, हा तुर्कस्तानचा वारसा म्हणून नोंदला. ग्रीसमध्ये आरडाओरडा झाला. मी फोन केला तर पापू शांत होते. तुर्की कारागोझला कुबड नसतं, ते ग्रीकांनी दिलं. "घेऊ दे," म्हणाले, "कुबड ठेवलंय ना आपल्याकडे." तीन वर्षांनी ते गेले. बाहुल्यांची पेटी माझ्याकडे आली, चिमट्यांसकट.

एक सवय मी त्यांची जशीच्या तशी ठेवली आहे. ते शेवटचं वाक्य उजेडात कधी म्हणायचे नाहीत. आधी दिवा मालवायचे, सावल्या जायच्या, पांढरा पडदाही दिसेनासा व्हायचा, आणि मग अंधारातून ते खाणंपिणं आणि उपाशी झोपणं. मीही तसंच करते. पात्रासच्या अंगणात त्या अंधारात एकदम शांतता व्हायची. आमच्या डोंबिवलीत दर वेळी तिसऱ्या-चौथ्या रांगेतून कोणीतरी हमखास म्हणतं, "गेली वाटतं."