पिझ्झा बाहेर, निग्रोनी घरी

आज पिझ्झेरियात मुद्दाम लाकडाच्या भट्टीसमोरचं टेबल मागून घेतलं. नेपल्स पद्धतीचा पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत होतो हे वाचलं होतं, पण समोर बघण्यात गंमत वेगळीच. भट्टी 400 अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेली. पिझ्झा आत सरकला, कडा टम्म फुगल्या, काळे ठिपके उमटले की लगेच बाहेर! घरचा ओव्हन जेमतेम 250 पर्यंत जातो, त्यात पिझ्झा भाजेपर्यंत पीठ वाळून कडक. म्हणून पिझ्झा बाहेरच खावा, असं माझं ठाम मत. आणि खायचा तर मार्गारिटाच. टोमॅटो, मोझरेला, बेसिल, ऑलिव्ह ऑइल, बस. वर ढीगभर काही नसलं की पीठ कसंय ते लपत नाही. (अननसवाल्यांशी आज भांडायचा मूड नाही.)

कॉकटेलचं नेमकं उलट, ते घरीच करावं. आल्या आल्या निग्रोनी केली. जिन, कंपारी (कडवट लाल इटालियन लिकर), गोड व्हरमूथ, तिन्ही 30-30 मिली. बर्फावर फक्त ढवळायचं. शेक केलं की हवा मिसळून ते गढूळ होतं. डाइकिरीसारख्या लिंबाच्या रसाच्या कॉकटेलला मात्र शेकरच हवा. आणि हो, व्हरमूथ म्हणजे शेवटी वाइनच, तेव्हा उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा. लोक ती शोकेसमध्ये महिनोन्महिने उभी ठेवतात आणि निग्रोनी बेचव लागली की कंपारीला नावं ठेवतात!

वर संत्र्याची साल पिळून नवऱ्याला एक घोट दिला. त्याने तोंड वाकडं केलं. बरं झालं, अख्खा ग्लास माझा.