समुद्र दिसणारी रूम नको, दुपारी झोपता येईल अशी द्या

लहान मुलं घेऊन रत्नागिरीला निघालो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "मग राहणार पुळ्याला ना?" नाही हो. आम्ही शहरात राहतो. हे सांगितलं की लोक असं बघतात जणू आम्ही महाबळेश्वरला जाऊन एसटी स्टँडवर झोपतोय.

गणपतीपुळे छानच आहे, वादच नाही. तिकडे जाणारा आरे-वारेचा समुद्राकाठचा रस्ता तर असा की गाडीत झोपलेल्याला उठवून दाखवावा (मोठ्या माणसाला हं, झोपलेलं पोर कुठल्याही समुद्रासाठी उठवायचं नसतं). पण पुळे शहरापासून पंचवीसेक किलोमीटर, त्यात चढ-उतार आणि वळणं, आमची मोठी साडेतीन वर्षांची तिला वळणावर हमखास उलटी होते आणि धाकटा दीड वर्षाचा, त्याला ताप यायचा तर तो रात्री दहानंतरच येतो, असं वेळापत्रकच आहे त्याचं. अशा वेळी खाली उतरलं की मेडिकल, हाक मारली की रिक्षा, आणि सिव्हिल हॉस्पिटल गावातच, ही गोष्ट मला सी-व्ह्यूपेक्षा जास्त सुंदर वाटते. नवऱ्याला नाही वाटत. त्याला अजूनही बाल्कनीत बसून लाटा बघत चहा प्यायचाय. पिऊ दे, पोरं दहावीत गेल्यावर.

मुळात हिशेब सोपा आहे. आमची पोरं सहाला उठतात, आठ ते अकरा माणसात असतात, साडेबाराला जेवतात, एक ते चार झोपतात किंवा झोपली नाहीत तर आपल्याला रडवतात, मग पाच ते सात परत बाहेर आणि साडेआठला खलास. म्हणजे चोवीस तासांतले पाच तास फिरणं आणि बाकीचे सगळे रूमवर. तरी आपण प्लॅनिंग करताना दोन तास बीचचे रील बघतो आणि रूम बघायला दहा मिनिटं. माझं म्हणणं एवढंच की आधी दुपारची झोप ठरवा, मग त्या झोपेच्या अवतीभवती रूम शोधा. सकाळी जिथे जाणार तिथून रूमवर पंधरा-वीस मिनिटांत पोचता आलं पाहिजे, कारण पोर रिक्षात पेंगायला लागलं आणि प्रवास लांबला की ते रिक्षातच झोप काढतं आणि रूमवर पोचल्यावर टक्क जागं. मग दुपार गेलीच.

रत्नागिरी यासाठी एकदम मापाची आहे. थिबा पॅलेस, थिबा पॉइंट, टिळकांचं घर, मत्स्यालय, मांडवी, भाट्ये, रत्नदुर्ग किल्ला, सगळं जवळ-जवळ. सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी एक ठिकाण, बास. दोन ठिकाणं एका सकाळी करायला जाऊ नका. मत्स्यालयात देवमाशाचा भलामोठा सांगाडा आहे, त्याच्यापुढे आमच्या मोठीने इतका वेळ काढला की मासे बघायचे राहिलेच असते. थिबा पॅलेसमध्ये मोठ्यांना इतिहास, पोरांना मोठाले हॉल आणि गुळगुळीत फरशी. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं, मग रत्नागिरीला आणून ठेवलं, वीसेक वर्षं साहेबांच्या बंगल्यांत काढल्यावर १९१० मध्ये हा राजवाडा झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्या बिचाऱ्याला कुठे राहायचं हे कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला चॉइस आहे तर नीट वापरावा ना.

आता भाग कुठला. रत्नागिरी म्हणजे वर एक आणि खाली एक असं गाव आहे. वरती सड्यावर, म्हणजे पठारावर, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे हा भाग, आणि मग माळनाका, जयस्तंभ करत उतरत उतरत खाली रामआळी, गोखले नाका, आणि अजून खाली मांडवीचा समुद्र. मॅपवर दीड किलोमीटर दिसतं म्हणून चालत जाऊ असं ठरवू नका, जाताना उतार असतो, येताना कडेवर बारा किलोचं पोर आणि समोर चढ. स्ट्रोलर तर घरीच ठेवा. फूटपाथ असेल तिथे गाडी लावलेली असते, नसेल तिथे गटाराची फरशी. स्ट्रोलरचा उपयोग आम्हाला फक्त रूमवर ओले कपडे वाळत घालायला झाला.

मला विचाराल तर मारुती मंदिर ते माळनाका हा पट्टा. इमारती त्यातल्या त्यात नवीन, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट, गाडी लावायला जागा, डॉक्टर, मेडिकल, दूध, केळी सगळं खाली, आणि समुद्र लांब असल्यामुळे चादरी दमट लागत नाहीत. खाली बाजारात किंवा स्टँडच्या आसपास राहिलात तर खाण्यापिण्याची चंगळ आणि रूम स्वस्त, पण जुन्या लॉजचे जिने उभे, कठड्याच्या दोन गजांत आमचा धाकटा आख्खा निघून जाईल एवढी फट, आणि पहाटेपासून एसटीचे हॉर्न. अर्थात काही पोरांना एसटी बघणं हाच कार्यक्रम असतो, तसं असेल तर स्टँडसमोरची खिडकी मागून घ्या, अर्धी ट्रिप तिथेच वसूल.

मांडवीजवळ राहायचा मोह होतो. संध्याकाळी जेटीवर जायचं, भेळ खायची, काळ्या वाळूत पोरांना सोडून द्यायचं, सूर्य बुडाला की चालत रूमवर. हे खरंच भारी आहे. फक्त एक आहे, पोरांना खिडकीतून वाळू दिसली की दुपारी बारा वाजता पण वाळूतच जायचं असतं, आणि "आत्ता नाही, संध्याकाळी" हे वाक्य दीड वर्षाच्या माणसाला कळत नाही. म्हणून मी तर म्हणते समुद्र दिसूच नये रूममधून.

भाट्ये पुलापलीकडे. लांब सरळ किनारा, सुरूची झाडं, टोकाला झरीविनायकाचं देऊळ, शांत. स्वतःची गाडी असेल आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर तिथे जरूर राहा. गाडी नसेल तर रात्री जेवणासाठी किंवा क्रोसिनसाठी पूल ओलांडायचा आणि तोपर्यंत एकाने दोन्ही पोरं सांभाळायची, हे आधीच बोलून घ्या, नाहीतर भांडण तिथे होतं.

स्टेशनजवळ राहावं का? स्टेशन शहराबाहेर आहे, कुवारबावकडे, कोल्हापूर रोडला. तिथे राहायला कारण एकच, गाडीची अडनिडी वेळ. आणि इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही की गाडी कुठली पकडता यावर रूम ठरते. मुंबईहून रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी घेतली की पोरं गाडीत झोपतात हे खरं, पण ती तुम्हाला भल्या सकाळी रत्नागिरीत उतरवते आणि हॉटेलचं चेक-इन बाराचं. तोपर्यंत दोन पोरं, बॅगा आणि न घासलेले दात घेऊन रिसेप्शनच्या सोफ्यावर बसणार का? मांडवी एक्सप्रेसने गेलं तर दुपारी पोचता, रूम तयार असते, आणि गाडीत खायला सतत काहीतरी येत असल्यामुळे पोरं बिझी राहतात. शिवाय दिवसा बोगदे दिसतात. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, तेवढा वेळ आमच्याकडे पूर्ण शांतता होती, दोघं काचेत स्वतःचंच तोंड बघत बसली. रात्रीचीच गाडी घ्यायची असेल तर चोवीस तासांचं चेक-आउट देणारं लॉज शोधा, जिथे तुम्ही ज्या वेळी शिरता त्या वेळेपासून दिवस मोजतात. अशी लॉज अजून मिळतात, ऑनलाइन दिसत नाही हे, फोनच करावा लागतो.

आता खरा नाजूक विषय. नातेवाईक. कोकणात शहर कुठलंही असो, कुणीतरी आत्या, मावशी, चुलत सासूबाई तिथे असतातच, आणि त्या असताना हॉटेलात उतरणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या आत्येसासूबाई शहराला लागूनच राहतात. घर सुरेख, जांभ्या चिऱ्याचं, पुढे ओटी, मागे माड-पोफळी, आणि परड्यात विहीर, जिचा कठडा माझ्या गुडघ्याच्या जरा वर येतो. ओटीला चार पायऱ्या, चिऱ्याच्या, कडा धारदार. न्हाणीघर बाहेर. आत्यांनी तिथे तीन मुलं वाढवली, त्यामुळे त्यांना यातलं काहीच दिसत नाही, मला मात्र शिरल्या शिरल्या फक्त विहीर दिसते. तिथे राहिलं की लाड होतात, जेवण आयतं मिळतं, पण मी दिवसभर त्या विहिरीवर पहारा देत असते आणि दुपारी पोरं झोपली की शेजारपाजारची मंडळी "बघू बघू कोणासारखा दिसतो" करत येतात. झाली झोप.

त्यामुळे आम्ही मधला मार्ग काढलाय. फोन नवरा करतो, कारण भाचा आहे, त्याला ओरडा कमी बसतो. "आत्या, पोरं रात्री फार रडतात गो, तुमची झोपमोड नको, आम्ही जवळच उतरतो, पण दुपारचं जेवण तुझ्याकडेच." आत्या आधी म्हणते, "हॉटेलात कशाला रे पैसे घालवतोस, घर काय भाड्याने दिलंय?" मग पाच मिनिटांनी तिचाच परत फोन, "पोरांना घावने चालतात ना? सुनेला विचार." चालतात म्हणजे काय! घावन आणि नारळाचा रस हे लहान पोरांसाठी देवानेच केलेलं खाणं आहे, मऊ, तिखट नाही, गिळायला सोपं. एवढं बोललं की रुसवा निम्म्याने उतरतो. उरलेला निम्मा आपण साडी नेऊन उतरवायचा.

बुकिंग ॲपवर फोटो बघून काहीही कळत नाही, सगळ्या रूममध्ये टॉवेलचा हंस असतो. मी सरळ फोन लावते. तळमजला किंवा लिफ्ट आहे का, बेड भिंतीला लावून घेता येईल का, किंवा सरळ जमिनीवर दोन गाद्या टाकाल का (याला बहुतेक जण हो म्हणतात आणि एक्स्ट्रा बेडपेक्षा स्वस्त पडतं, पोर पडलं तरी चार इंच पडतं). बाथरूमची फरशी गुळगुळीत आहे का खरखरीत. गरम पाणी दिवसभर की फक्त सकाळी सात ते नऊ, कारण वाळूत लोळलेलं पोर संध्याकाळी सातला धुवायचं असतं. लाइट गेली तर पंखा इन्व्हर्टरवर चालतो का, हे मे महिन्यात विचाराच. बाल्कनीचा कठडा कसा आहे विचारलं की बहुतेक जण गोंधळतात, एकाने मला सांगितलं, "ताई, मजबूत आहे, वाकून बघितलंत तरी पडणार नाही." दादा, वाकून बघणारी मी नाही, गजातून जाणारा वेगळाच आहे! आणि शेवटचं म्हणजे किचन. साडेसातला मऊ भात मिळेल का, त्यावर तूप-मेतकूट आम्ही आणलेलं घालू. जिथे समोरचा "हो, देऊ की, किती जणांचा?" म्हणतो तिथे मी अर्धं बुकिंग मनात करूनच टाकते. "मेनूकार्डात बघा मॅडम" म्हणाला की फोन ठेवायचा. मासे खाणारी पोरं असतील तर पापलेट, मधला काटा काढला की काम झालं, बांगडा लहानांना देताना मात्र जीव टांगणीला.

सीझनचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोळे मिटून जा. मे मध्ये हापूस असतो पण घामोळं पण असतं, रूमचे भाव वर, आणि एसी नसेल तर दुपारची झोप विसरा. पावसाळ्यात इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा त्या चार महिन्यांतच, समुद्रात पाय घालायची सोय नाही, कोकण रेल्वेचं टाइमटेबल पण वेगळं असतं, आणि धुतलेला एकही झबला वाळत नाही. काही जणांना पावसातलं कोकण बघायचंच असतं, त्यांनी मोठी रूम घ्या, कारण तुमचं पर्यटनस्थळ तीच आहे.

यंदा जानेवारीत परत जायचं चाललंय आणि या वेळी सासूबाई पण येणार, त्यांचे गुडघे आणि धाकट्याचे पाय दोन्हींना जिना नको. माळनाक्याच्या आसपास तळमजल्यावर दोन खोल्या लागून मिळतील असं काही कुणाला माहीत असेल तर सांगा. गरम पाणी संध्याकाळी पण हवं. समुद्र नाही दिसला तरी चालेल, नवऱ्याला मी समजावते.