जपानमधला होमस्टे: पहिले चौदा दिवस

जपानला शिकायला जाणाऱ्यांना धास्ती असते ती कागदपत्रांची. कागदपत्रांचं त्या मानाने सोपं आहे. काय लागतं ते कुठे ना कुठे लिहिलेलं असतं आणि काउंटरवरचा माणूस चुकलेल्या रकान्यावर बोट ठेवून दाखवतो. होस्ट फॅमिलीच्या घरात कोणी बोट ठेवत नाही. 'दाइजोबु', म्हणजे 'काही हरकत नाही', म्हणतात, हसतात, आणि तीन आठवड्यांनी शाळेत होमस्टे बघणाऱ्या बाईंकडून कळतं की रोज रात्री आपल्यामुळे सगळं घर आंघोळीला खोळंबत होतं. तेव्हा घरातलं जे जे लिहिलेलं नाही, ते पहिल्या संध्याकाळीच तोंडाने विचारून घ्यायचं.

पण त्याआधी नाव. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. जपानच्या झाइर्यू कार्डावर, म्हणजे रहिवासी कार्डावर, ते आडनावासकट तसंच रोमन लिपीत येतं. बँक, आरोग्यविमा, सिमकार्ड या सगळ्यांना मात्र नाव काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीतही हवं असतं, आणि ते कसं लिहायचं हे आपणच ठरवायचं असतं. 'देशपांडे' हे आडनाव 'देशुपान्दे' असं सरळ लिहिता येतं, नाहीतर मध्ये दीर्घ स्वराच्या आडव्या रेघा घालूनही लिहिता येतं. एका काउंटरवर रेघेसकट आणि दुसऱ्यावर रेघेशिवाय लिहिलं, की कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी माणसं होतात आणि शाळेची फी किंवा पार्टटाइमचा पगार अडकतो. निघण्यापूर्वी शाळेला विचारून एक रूप पक्कं करा, कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि दर वेळी त्यावरूनच उतरवा.

औषधांकडेही त्याच वेळी बघा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध एक महिना पुरेल इतकंच सरळ नेता येतं. त्याहून जास्त न्यायचं तर 'युन्यू काकुनिन्शो' नावाचा परवाना निघण्याआधी काढावा लागतो. ज्यात स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त आहे ती सर्दीची औषधं, पाकिटात दोनच गोळ्या उरलेल्या असल्या तरी, चालत नाहीत. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणि मांसाचा कुठलाही पदार्थ बॅगेत नको. वीज १०० व्होल्टची असते. लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर '१००–२४०' छापलेलं असतं, ते चालतात. घरचा हेअर ड्रायर चालत नाही. भिंतीतलं सॉकेट दोन चपट्या पिनांचं असतं, म्हणून तीन पिनांच्या लॅपटॉपचा अडॅप्टर हातातल्या बॅगेत ठेवा.

नारिता, हानेदा, चुबु, कान्साई, शिन-चितोसे, हिरोशिमा आणि फुकुओका या विमानतळांवर झाइर्यू कार्ड तिथल्या तिथे मिळतं. त्याच खिडकीवर पार्टटाइम कामाच्या परवानगीचा अर्जही देऊन टाका. फॉर्म आधीच भरून जवळ ठेवा. तो तिथे राहिला तर मग इमिग्रेशन ऑफिसच्या रांगेत अर्धा दिवस जातो. मर्यादा सगळ्या कामांची मिळून आठवड्याला २८ तास, आणि शाळेच्या लांब सुट्टीत दिवसाला ८ तास. कार्ड सतत जवळ बाळगायचं असतं. न बाळगल्यास २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. 'खोलीवर राहिलं' हे कारण नाही.

मोठी बॅग विमानतळावरच्या ताकुहाइबिनच्या, म्हणजे घरपोच सामानाच्या काउंटरवर देऊन टाकणं शहाणपणाचं. ती बहुधा दुसऱ्या दिवशी घरी येते, म्हणून एका रात्रीचे कपडे आणि सगळे कागद हाताशी ठेवायचे. बॅग घरात आणण्याआधी तिची चाकं ओल्या फडक्याने पुसा, आणि खोलीत तातामी असेल तर ती उचलूनच न्या. तातामी म्हणजे विणलेल्या गवताची चटई. तेवीस किलोची बॅग चाकांवर ओढली की तिच्यावर उठलेले दोन चर कायमचे राहतात.

दारातून आत गेलं की एक खालची फरशी असते, ती गेन्कान. बूट तिथे काढायचे आणि पाय थेट वरच्या पायरीवर टाकायचा. मोजा खालच्या फरशीला लागला की बूट काढण्याला काही अर्थ उरत नाही. मग वाकून बूट फिरवायचे, टोकं दाराकडे. पहिल्या दिवशी लेसचे बूट नकोत; पाच जण वर उभे राहून बघत असताना गाठ सुटत नाही. वर सपाता असतात, त्या तातामीच्या खोलीबाहेर काढायच्या. टॉयलेटच्या सपाता वेगळ्या, आणि त्या पायात तशाच ठेवून जेवणाच्या टेबलापर्यंत येणं ही जवळजवळ प्रत्येक नवख्याची चूक. त्यावर घरचे मनापासून हसतात, म्हणून तिची काळजी नको.

काळजी करायची ती ओफुरोची, म्हणजे टबातल्या आंघोळीची.

आपल्याकडे आंघोळ सकाळची, तिकडे रात्रीची. आपण आंघोळीने स्वच्छ होतो. ते आधी स्वच्छ होतात आणि मग टबात बसतात. टब खोल असतो, साधारण २०० लिटर पाणी मावतं, ते ४० ते ४२ अंशांवर असतं, आणि हे एकच पाणी घरातले सगळे एकामागून एक वापरतात. पाहुण्याला अनेकदा पहिला मान देतात, आणि घोटाळा तिथेच होतो. आपण शिस्तीत आंघोळ करतो, बाहेर येताना सवयीने टबाचं बूच काढतो, आणि मागच्या चौघांचं पाणी गटारात जातं. पुन्हा भरायला पंधरा-वीस मिनिटं आणि गॅसचा खर्च, आणि तरीही म्हणतात 'दाइजोबु'.

क्रम असा. कपडे बदलण्याची छोटी खोली कोरडी ठेवायची असते, तिथे कपडे काढायचे. आतल्या खोलीत टबाबाहेर बुटक्या स्टुलावर बसून शॉवरने अंग, केस, सगळं साबण लावून धुवायचं. फेसाचा शेवटचा थेंब निघेपर्यंत धुवायचं. स्टूलही धुवायचं. मग टबाचं झाकण गुंडाळून आत उतरायचं. केस लांब असतील तर वर बांधायचे, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. डोक्याला तेल लावलेलं असेल तर त्या दिवशी एकदा शांपूने भागत नाही, दोनदा लावा. तेलाचा थोडा अंश राहिला तरी गरम पाण्यावर रंगीत तवंग येतो आणि मागून येणाऱ्याला तो लगेच दिसतो. पाच-दहा मिनिटं बसलात की बाहेर या, झाकण परत लावा, पाण्यात केस पडले असतील तर काढा, आणि आतल्या आतच अंग पुसून मग कोरड्या खोलीत पाऊल टाका. बुचाला हात लावायचा नाही. रात्री शेवटच्या माणसाची आंघोळ झाल्यावरही नाही, कारण बऱ्याच घरांत तेच पाणी दुसऱ्या दिवशी नळीने वॉशिंग मशीनमध्ये घेतात.

भिंतीवर एक पॅनल असतं. त्यातलं एक बटन टब भरतं, एक पाणी पुन्हा तापवतं, आणि 'योबिदाशी' नावाचं बटन स्वयंपाकघरात घंटा वाजवतं. आत कोणाला चक्कर आली तर मदत मागण्यासाठी ते आहे. पहिल्या संध्याकाळी पॅनलचा फोटो काढून कुठलं बटन कशाचं ते विचारून घ्या, नाहीतर पाणी तापवायला जाल आणि ओकासान, म्हणजे घरातली आई, धावत दाराशी येतील.

विचारायच्या बाकीच्या गोष्टी: आंघोळीचा आपला नंबर कितवा, सकाळी शॉवर घेतला तर चालेल का, वॉशिंग मशीन कधी लावायचं, रात्री किती वाजेपर्यंत घरी यायचं, एसी कधी बंद करायचा, भूकंप झाला तर जमायची जागा कुठली. उत्तर 'चोत्तो...' असं लांबवलं गेलं आणि वाक्य पूर्ण झालंच नाही, तर ते 'नाही' असतं. वाक्य पूर्ण होण्याची वाट बघू नका.

जेवणात अडचण येते ती शाकाहारींची, आणि ती 'मी शाकाहारी आहे' एवढं सांगून सुटत नाही. 'निकु' म्हणजे मांस; निकु नको म्हटलं की मासे चालतात असा अर्थ निघू शकतो. मासेही नको म्हटलं तरी दाशी राहतेच. दाशी हा तिकडच्या स्वयंपाकाचा पाया, आणि ती बहुधा कात्सुओबुशीची, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसाची, किंवा निबोशी या सुक्या मासोळ्यांची असते. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, सोबा नावाच्या नूडल्सचं सूप, गोडसर ऑम्लेट, सगळ्यांत ती असते. ताटात मासा दिसत नाही, म्हणून करणाऱ्यालाही तो आठवत नाही. करी रूच्या, म्हणजे जपानी करीच्या मसाल्याच्या, तयार वड्यांत अनेकदा गाईची किंवा डुकराची चरबी असते, जेलीत जिलेटिन.

म्हणून शाळेच्या फॉर्मवर 'व्हेजिटेरियन' या खुणेवर थांबू नका. एक तक्ता करून पाठवा: मांस, कोंबडी, मासे, कोळंबी-खेकडा, अंडं, दूध, माशाची दाशी, जिलेटिन, आणि प्रत्येकापुढे गोल किंवा फुली. गोल म्हणजे चालतं, हे तिकडे लहान मुलालाही कळतं. दाशीपुढे काय लिहायचं ते स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. ती चालणार असेल तर होमस्टे खूपच सोपा होतो. चालणार नसेल तर पर्याय सुचवा: एक लिटर गार पाण्यात १० ग्रॅम कोम्बु, म्हणजे सुकं समुद्री शेवाळ, निदान अर्धा तास भिजवायचं, मंद आचेवर ठेवायचं आणि उकळी फुटण्याच्या आत कोम्बु काढून घ्यायचं, नाहीतर पाणी बुळबुळीत आणि कडसर होतं. सुक्या शिइताके अळंब्या भिजवलेलं पाणी त्यात घातलं की चव भरते. हे त्या घराला नवीन नसतं, फक्त आठवण करून द्यावी लागते. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर होमस्टे घेऊ नये. स्वयंपाकघर असलेलं वसतिगृह दोन्ही बाजूंना सुखाचं.

रात्री जेवायला येणार नसाल तर दुपारपर्यंत 'लाइन' या मेसेजच्या ॲपवर कळवा: 'सुमिमासेन, क्यो वा बानगोहान इरिमासेन'. सात वाजता कळवलं तर जेवण झाकून ठेवलेलं असतं आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. ताटात कमी घ्या, आवडलं तर 'ओकावारी' म्हणून पुन्हा मागा. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याने घास घेऊ नये. दोन्ही गोष्टी अंत्यविधीच्या आहेत.

आता चौदा दिवस. राहायला लागल्यापासून इतक्या दिवसांत शहराच्या किंवा वॉर्डाच्या ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा असतो. पासपोर्ट, कार्ड आणि जपानीत लिहिलेला पूर्ण पत्ता लागतो. पत्ता कार्डाच्या मागे छापून मिळतो. तिथेच राष्ट्रीय आरोग्यविमा घ्या, म्हणजे दवाखान्याचं ३० टक्के बिल आपलं. उत्पन्न नसल्याचं त्याच वेळी लिहून द्या, हप्ता कमी होतो. न लिहिता घरी आलात तर कोणी आपणहून कमी करत नाही. वय २० पूर्ण असेल तर पेन्शनमध्येही नाव घालावं लागतं. विद्यार्थ्यांना हप्ता पुढे ढकलता येतो, आणि शाळा त्या सवलतीत बसत नसेल तर कमी उत्पन्नाची सवलत मागता येते, पण अर्ज करावा लागतो. होमस्टे चारच आठवड्यांचा असेल, तर त्या घराचा पत्ता नोंदवायला होस्टची हरकत नाही ना, हे आधी विचारा. पुढे घर बदललं की पुन्हा चौदा दिवस.

टपालातली एक खोच बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पेटीवर होस्टचं आडनाव असतं, आपलं नसतं, त्यामुळे आपल्या नावाने आलेलं बँकेचं कार्ड पोस्टमन परत नेऊ शकतो. पत्ता लिहिताना शेवटी होस्टचं आडनाव, त्यापुढे 'सामा-काता', आणि मग आपलं नाव. 'अमुक यांच्याकडे' असा त्याचा अर्थ. पेटीवर आपल्या नावाची छोटी पट्टी लावू का, हेही विचारा.

भिंती पातळ असतात, म्हणून घरी फोन कधी करायचा तेही ठरवून टाका. भारतापेक्षा जपान साडेतीन तास पुढे. आई-बाबा जेवून, आवरून रात्री दहाला निवांत फोन लावतात तेव्हा तिकडे दीड वाजलेला असतो आणि बाजूच्या खोलीतल्या ओतोसानना, म्हणजे घरातल्या वडिलांना, पहाटे उठून ट्रेन पकडायची असते. आपल्याकडची संध्याकाळी साडेसहाची वेळ बरी. तिकडे तेव्हा दहा वाजलेले असतात, आपली आंघोळ झालेली असते, आणि टबावर झाकण असतं.