तुम्ही विचारलंत म्हणून: हॅमिल्टन असं भकास का?

टोरांटोहून नायगरा बघून परतणारे आमचे बहुतेक मराठी पाहुणे वाटेत आमच्याकडे, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या हॅमिल्टन शहरात, चहाला थांबतात. स्कायवे पुलावरून त्यांना पोलादाचे कारखाने, धुराडी, धूर दिसलेला असतो. मग बार्टन स्ट्रीटवरून येताना ओळीने फळ्या ठोकलेली दुकानं. कप हातात घेता घेता प्रश्न येतोच: "कॅनडात हे असं? आणि तुम्ही इथे का राहता?" आजवर हसून विषय बदलत आले. आज नीट सांगते.

तुम्हाला पुलावरून जे उजाड वाटतं, तेच अजून चालू आहे. धूर निघतोय म्हणजे पाळ्या भरताहेत. १९१२ साली सुरू झालेल्या डोफॅस्को या पोलाद कारखान्यात आजही हजारो माणसं कामाला जातात. शेजारच्या स्टेल्को या दुसऱ्या पोलाद कारखान्याची झोतभट्टी, म्हणजे लोखंड वितळवणारी भट्टी, मात्र २०१० साली थंड झाली ती पुन्हा पेटलीच नाही. त्या भट्टीचा धूर नाही, म्हणून ती तुमच्या डोळ्यांत खुपत नाही. स्टुडबेकरचा मोटार कारखाना तर १९६६ सालीच बंद झाला. कामगाराचा पगार गेला की आधी बार्टनवरचं चपलांचं दुकान जातं, मग न्हावी, मग बेकरी.

पण सगळं कारखान्यांवर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. १९५६ साली मेन आणि किंग हे शहराचे दोन मुख्य रस्ते एकेरी केले. गाड्या भरधाव जाव्यात म्हणून. गेल्याही. पण भरधाव गाडी दुकानापाशी थांबत नाही आणि पाच पदरी रस्ता ओलांडून म्हातारं माणूस भाजी आणायला जात नाही. पुढे शहराच्या ऐन मध्यावरच्या जुन्या इमारती पाडून जॅक्सन स्क्वेअर हा मॉल बांधला. तो १९७२ साली उघडला. सगळी दुकानं आत तोंड करून, रस्त्याकडे पाठ.

आणि ज्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग येतो ती ही: ओंटारिओत कित्येक वर्षं रिकाम्या दुकानाच्या मालकाला मालमत्ता करात ३० टक्के सूट मिळत होती. गाळा भाड्याने द्या, नाहीतर फळ्या ठोकून बसा, नुकसान जेमतेम. २०१७ नंतर ती बंद करायची मोकळीक नगरपालिकांना मिळाली. तोवर आमच्या रस्त्यावरचं प्लायवूड पावसाने फुगून पापुद्रे सुटण्याइतकं जुनं झालं होतं. एका फळीवर कुणीतरी निळ्या रंगाने खिडकी काढली होती, पडद्यासकट, कुंडीसकट. मी रोज तिच्यासमोरून बसला जायचे.

याची किंमत माणसांनी मोजली. २०१० साली इथल्या 'हॅमिल्टन स्पेक्टेटर' या वर्तमानपत्राने वस्तीवार मृत्यूच्या नोंदी तपासल्या. एकाच शहरातल्या दोन वस्त्यांमध्ये मृत्यूच्या सरासरी वयात २१ वर्षांचा फरक निघाला. एकवीस! मी तो अंक जपून ठेवलाय. आमची वस्ती त्यातल्या कोणत्या टोकाला होती, हे तुम्ही ओळखलंच असेल.

तरी राहते, कारण इथे माणसं आहेत. पलीकडचे इटालियन आजोबा दर नोव्हेंबरात अंजिराचं झाड वाकवून मातीत पुरतात, थंडीत मरू नये म्हणून, आणि ऑगस्ट संपता संपता चार अंजिरं माझ्या पायरीवर ठेवून जातात. दाराशी हाकही मारत नाहीत. जेम्स स्ट्रीट नॉर्थवर चित्रकारांनी रिकामे गाळे घेतले, गर्दी परत आली. टोरांटोत घर परवडेना तशी तिथली माणसं इकडे आली. फळ्या उतरू लागल्या.

आता मला वेगळीच धास्ती आहे. खालचं दुकान उजळलं की वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंवर गदा येते. गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या आजी एक कागद घेऊन आल्या: दुरुस्ती करायची आहे, घर रिकामं करा. अठरा वर्षं राहताहेत तिथे. दुरुस्तीच्या नावाखाली भाडेकरू काढायचा तर मालकाला शहराचा परवाना घ्यावा लागेल, असा नियम हॅमिल्टनने केलाय, २०२५ च्या १ जानेवारीपासून तो लागू आहे. त्यांच्या मालकाने परवाना काढलाय की नाही, ते त्यांना ठाऊक नाही. मंगळवारी मी रजा टाकली आहे. दोघी मिळून सिटी हॉलला जाऊन विचारणार आहोत.