भट्टी कशाला म्हणता?

"दादा, साहेबांना न सांगता केलेल्या कामाला तुम्ही 'भट्टी' का म्हणता?" गोव्यात, पर्वरीच्या ऑफिसात नवीन मुलं आली की कोणीतरी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

इंग्रजीत या प्रकाराला 'स्कंक वर्क्स' म्हणतात. स्कंक म्हणजे अमेरिकेतला एक घाण वास सोडणारा प्राणी. पण नाव आलंय ते दारूच्या भट्टीवरूनच. 'लिल ॲब्नर' या ॲल कॅप यांच्या वर्तमानपत्री चित्रकथेत रानात एक 'स्कॉंक वर्क्स' होतं. तिथे मेलेले स्कंक आणि जुने बूट घालून पेय काढत. १९४३ साली कॅलिफोर्नियात, बर्बँकला, लॉकहीड या विमान कंपनीचे इंजिनिअर केली जॉन्सन निवडक माणसं घेऊन लढाऊ जेट बांधायला बसले. जागा नव्हती, म्हणून सर्कशीचा तंबू ठोकला. शेजारी प्लास्टिकचा कारखाना, त्याचा वास तंबूभर. अर्व्ह कल्व्हर या इंजिनिअरने एकदा फोन उचलला आणि सरळ सांगितलं, "स्कॉंक वर्क्स!" जॉन्सन भडकले म्हणतात, पण नाव चिकटलं. चित्रकथेवाल्यांची हरकत आली तेव्हा 'स्कॉंक'चं 'स्कंक' झालं, एवढंच. विमान १४३ दिवसांत तयार.

मार्च-एप्रिलात आमच्या सत्तरी तालुक्यातून गेलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या जागेत, काजूचे बोंडू तुडवलेले, फेणी काढायचं भांडं, म्हणजे भाण, चुलीवर, वास अर्ध्या गावाला. (आमच्या भट्ट्या परवान्याच्या असतात, हे आधीच सांगतो.)

गंमत म्हणजे जॉन्सनचं काम गुप्त होतं, चोरून नव्हतं. कंपनीला ठाऊक, सैन्याला ठाऊक. चोरटेपणा या शब्दाला नंतर चिकटला. खरी चोरटी भट्टी रॉन अविट्झर या प्रोग्रामरची. १९९३मध्ये ॲपलने त्याचा प्रकल्प बंद केला, तरी हा बिनपगारी येतच राहिला. दाराशी त्याचं ओळखपत्र अजून चालत होतं! त्याचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे समीकरणांचे आलेख काढणारा प्रोग्राम, पुढच्या वर्षी नव्या मॅकबरोबर लोकांच्या घरी पोचला.

माझी भट्टी लहान. जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणायचा प्रोग्राम, सहानंतर बसून लिहिलेला. दोन महिने रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा. तो जागेवर आला आणि नेमकं तेच काम एका गिऱ्हाइकाने मागितलं. साहेबांनी विचारलं, "किती दिवस?"

मी तीन आठवडे सांगितले. त्या तीन आठवड्यांत दुसरी भट्टी लावली.